जुन्या नावाचं दार

अपग्रेड यशस्वी, असं हिरव्या अक्षरांत लिहून
फायरवॉल पुन्हा उठली आणि गप्प बसली.
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
पूर्वी जिथे चहाचं सामान ठेवायचे त्या खोलीत
मी, एक स्टूल, दोन एसी,
आणि जिन्यातून वर येणारा दुखंडे वॉचमनचा रेडिओ.

दिवे लागलेत. केबली घट्ट आहेत.
पंख्यांचा आवाज नेहमीचाच.
पण आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही.
पिंग टाकते. थांबते.
विहिरीत खडा टाकून ऐकत राहावं
आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

सहाला कांडल्याहून जहाजाचे कागद येतील.
सातला खोत मॅडम कस्टमची फाईल उघडतील,
गोल फिरणारं चक्र बघतील, मला फोन लावतील:
‘काय गं, काल तू काही केलंस का?’
या प्रश्नाला आमच्या धंद्यात खरं उत्तर नसतं.

केबल काढून परत लावली
(हे सगळेच करतात, जाता जाता देवाला हात जोडल्यासारखं).
दुसरी केबल. तिसरी, घरून आणलेली.
सपोर्टच्या मुलाने अर्धा तास सतार ऐकवली,
मग म्हणाला, मॅडम, रीस्टार्ट करून बघितलंत?
बघितलं, बाळा.

शेवटी कन्सोलची निळी वायर जोडून
एकेक ओळ वाचत गेले
आणि पाचव्या पानावर सापडलं:
नव्या आवृत्तीने दारांची नावंच बदललीत.
एकशे चौदा नियम अजून जुन्या नावाने हाका मारताहेत,
याला सोड, त्याला अडव.
शिपाई नेमलाय, चौकीच नकाशात नाही.

हसू आलं. एकटीच हसले, त्या गारठ्यात.

कारण मीही एकदा अपग्रेड झाले होते.
चिपळूणला, मे महिन्यात,
तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने लिहिलं: मृणाल.
सगळ्यांनी वाकून वाचलं. पेढे वाटले.
पुढे वर्षभर कुणी हाक मारली की मी वळतच नसे.
सासूबाईंना वाटलं, पोरीला कमी ऐकू येतं,
ठाकूरद्वारला कानाच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं.
आणि अण्णांची मनीऑर्डर आली, कुमुदच्या नावाची.
या नावाचं इथे कुणी राहत नाही,
सांगितलं आतून कुणीतरी, पोस्टमनला.
मी दारातच उभी होते.

दुखंडेंचा टॉर्च मागवला.
स्टुलावर चढून, मान वाकडी करून
रॅकच्या मागे, धुळीत,
स्टिकरवरची बारा अक्षरं वाचली, प्रत्येक दाराची वेगळी.
नाव काय, कुणीही ठेवतं.
हे कारखान्यातून येतानाच अंगावर आलेलं,
जन्मखुणेसारखं.
चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने आखले:
आधीची कोण, आताची कोण.

एके ठिकाणी चुकले. बाहेरचं दार आतलं झालं.
पाच मिनिटं सगळं जग
आमच्या हिशेबाच्या खोलीत येऊ शकलं असतं.
कुणी आलं नाही. झोपलं असेल.

तीन पन्नास. पिंग.
उत्तर.
उत्तर.
उत्तर.
एक चुकलं. मग उत्तर.

दुखंडे विचारतात, झालं का?
झालं बहुतेक, म्हणते.
तिकडे गोदीत कुठलंसं जहाज भोंगा देतं,
त्यालाही कुणीतरी आत घेणार असेल.

चौथं दार अजून पिवळंच लुकलुकतंय.
त्याच्या पलीकडे काय जोडलंय, कुणालाच आठवत नाही.
पट्टी चिकटवली: हात लावू नये, सवडीने बघू.
खाली नाव टाकायचं, तर पेन जरा थांबलं.
नुसती तारीख टाकली.